दोन फ्लॅट, दोन भाडी, एक रिटर्न

मागच्या भागानंतर ठाण्याच्या एका काकूंनी विचारलं, "पुण्याच्या फ्लॅटचं भाडं मी रिटर्नमध्ये दाखवते. नाशिकच्या फ्लॅटचा हप्ताच भाड्यापेक्षा जास्त आहे. मग तिथं उत्पन्न कसलं? नाही दाखवलं तर चालेल ना?"

नाही चालणार, काकू. आणि त्यात नुकसान तुमचंच आहे.

प्रत्येक घराचा हिशोब वेगळा करायचा. समजा, पुण्याचं वर्षाचं भाडं २,४०,०००. तुम्ही भरलेली घरपट्टी १०,००० वजा केली, उरले २,३०,०००. त्यातून सरसकट ३० टक्के सूट. उत्पन्न झालं १,६१,०००. रंगकाम, दुरुस्ती सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं, वेगळं मागायचं नाही.

नाशिकचं भाडं १,२०,०००, घरपट्टी ५,०००. ३० टक्के गेल्यावर राहिले ८०,५००. कर्जाचं व्याज १,४०,०००. फक्त व्याज हं, हप्त्यातलं मुद्दल इथं धरायचं नाही. म्हणजे तोटा ५९,५००.

हा तोटा पुण्याच्या उत्पन्नातून वजा होतो. नव्या करप्रणालीत तो पगारातून किंवा पेन्शनमधून वजा होत नाही, पण दुसऱ्या घराच्या उत्पन्नातून होतो. आता उत्पन्न धरलं जाईल १,०१,५००. नाशिकचं घर लपवलं, तर कर भराल पूर्ण १,६१,००० वर!

तेव्हा घरपट्टीच्या पावत्या आणि बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट आधी काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात.