सागराची सुपीकता



आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव अरबी समुद्राकडचे, तर बिऱ्हाड बंगालच्या उपसागराच्या काठी. दोन्ही समुद्र जवळजवळ एकाच अक्षांशांतील. तरीही अरबी समुद्र अधिक सुपीक. हे ठरवावयाचे कसे?

समुद्राचे पीक म्हणजे वनस्पतिप्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा त्यांचाच. हे पीक वाढता वाढताच खाल्ले जाते. म्हणून साठा मोजून भागत नाही, वाढीचा वेग मोजावा लागतो. डेन्मार्कचे स्टीमन नील्सन यांनी १९५२ मध्ये त्यासाठी कार्बन-१४ ची पद्धत प्रसिद्ध केली. पहाटेपूर्वी निरनिराळ्या खोलींवरील पाणी बाटल्यांत घेऊन त्यात किंचित किरणोत्सर्गी कार्बन घालतात आणि बाटल्या पुन्हा त्याच खोलींवर सूर्यास्तापर्यंत टांगून ठेवतात. सोबत प्रकाश न शिरणारी काळी बाटलीही असते. मग पाणी गाळून गाळणीवरील किरणोत्सर्ग मोजावयाचा. काळ्या बाटलीचा आकडा वजा केला, की उन्हाच्या बळावर किती कार्बन बांधला गेला ते कळते.

पिकाला खतही हवे. नायट्रेट मोजताना पाणी कॅडमियमच्या नळीतून सोडून त्याचे नायट्राइट करतात. त्यात रसायने मिसळली की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितके खत अधिक.

दोन समुद्रांतील भेद येथेच उलगडतो. खत खोल पाण्यात विपुल असते. प्रश्न ते वर येण्याचा. उपसागरावर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो. अरबी समुद्रात पावसाळी वारे खालचे पाणी वर आणतात. उत्तर भागात हिवाळ्याच्या कोरड्या वाऱ्यांनीही पृष्ठजल थंड व जड होऊन खाली जाते आणि त्या घुसळणीत खत वर येते. १९९० नंतरच्या दशकात भारतीय संशोधकांनी मोजमापांनी हे दाखवून दिले.

आज उपग्रह समुद्राचा रंग टिपतात. परंतु तो वरच्या थराचाच. सागर तापत आहे. वरचा थर अधिक हलका होऊन खत खालीच अडकले, तर त्याची झळ अखेर कोळ्याच्या जाळ्याला लागेल. ते वेळीच कळावयाचे, तर त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे पाणी तपासले पाहिजे. एका सफरीचे आकडे हवामानाची लहर सांगतात. पन्नास वर्षांचे आकडे सागराचा कल सांगतात. पन्नास वर्षांच्या अखंड नोंदीचे मोल या मंडळास निराळे सांगावयास नकोच.