आपल्या सातपुड्यातील अल्पपरिचित स्थळे व शालेय सहली

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



शालेय सहल म्हटली की आपल्याकडे पहिले नाव चिखलदऱ्याचे निघते. तेथे जावे, दरीच्या कडेला उभे राहावे, डबे खावेत आणि दिवेलागणीपूर्वी परत यावे, असा आपला परिपाठ आहे. चिखलदरा रम्य आहे यात वाद नाही. परंतु ज्या डोंगरात तो वसला आहे, त्या डोंगराची ओळख एवढ्याने होत नाही. आपल्या मुलांना हिमालयातील शिखरांची नावे मुखोद्गत असतात. मात्र उत्तरेकडे रोज दिसणारी गाविलगडाची रांग म्हणजे काय, असे विचारले तर ती गप्प बसतात. हा दोष मुलांचा नव्हे, आपला आहे. आणि तो प्रथम माझा आहे.

काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या मुलांना घेऊन अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ल्यावर गेलो होतो. तेथील महाकाली दरवाजा आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. त्यावर कमळे कोरली आहेत आणि इ. स. १४८७ चा शिलालेख आहे. तो दरवाजा फतेहउल्ला इमाद-उल्-मुल्क याने उभारला. हाच पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. त्याच दरवाजाच्या दगडावर एक मुलगा खिळ्याने आपले नाव कोरीत असलेला मला दिसला. मी रागावलो. त्याने शिलालेखाकडे बोट दाखवून अगदी निर्मळपणे विचारले, “गुरुजी, त्याइनं बी तं लिवूनच ठेवलं हाये नं?” मला उत्तर सुचले नाही. “गप्प बस,” एवढेच म्हणून मी पुढे चाललो. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. दरवाजा कोणी बांधला, लेख का कोरला, यांतील एक अक्षरही मी वर्गात सांगितलेले नव्हते. न शिकवता नेलेली सहल मुलाला काही देत नाही, आणि स्थळाचे मात्र नुकसान करते, हे मला त्या दिवशी उमगले.

म्हणून आज आपल्याच दोन जिल्ह्यांतील व त्यांच्या सीमेवरील काही स्थळे, ती कशी शिकवावीत या दृष्टीने, आपणांपुढे ठेवतो.

पहिला धडा इतिहासाचा. तेल्हारा तालुक्यातील अडगाव हे गाव घ्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे भोसले व शिंदे यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तीन स्थळे आणि एकोणीस दिवस. एवढ्यात वऱ्हाडचे भवितव्य ठरले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. वॉटर्लू आपल्या मुलांना पुस्तकात भेटते. अडगाव मात्र सायकलीच्या अंतरावर असून भेटत नाही.

गाविलगडावर मुलांना उभे करून एकच प्रश्न विचारावा : शत्रूने तोफा कोणत्या बाजूने आणल्या असतील? दक्षिणेस खोल दरी आहे. उत्तरेस किल्ला पठाराशी जोडलेला आहे. इंग्रजांनी डोंगरातून वाट काढून तोफा ओढीत नेल्या, त्या उत्तरेच्याच बाजूस. भूगोल समजला की इतिहास पाठ करावा लागत नाही.

दुसरा धडा पाण्याचा. या डोंगराच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन्हीकडे वाहतो. उत्तरेकडचे पाणी सिपना, खापरा, गडगा यांसारख्या नद्यांतून तापीस मिळते. दक्षिणेकडचे पाणी शहानूर, चंद्रभागा या नद्यांतून आपल्या पूर्णेत उतरते. परंतु पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीसच मिळते. माथ्यावर वेगळे झालेले दोन थेंब इतक्या दूर पुन्हा एकत्र येतात, हे नकाशावर बोट फिरवून दाखवले तर पाणलोट हा शब्द वेगळा समजवावा लागणार नाही.

तिसरा धडा फार जुन्या काळाचा. मोर्शी तालुक्याच्या उत्तरेस, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीवरील सातपुड्यात, रंगविलेली चित्रे असलेले शैलाश्रय आहेत. अमरावतीकडील काही निसर्गप्रेमी मंडळींनी २००७ साली ते उजेडात आणले. माणसे व पशू यांची ही चित्रे लेखनकला अवगत नसलेल्या मानवाने काढली. त्याच तालुक्यातील रिद्धपुरात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, म्हणजे मराठी गद्याचा आरंभकाळही तेथेच भेटतो. चित्रापासून अक्षरापर्यंतचा मानवाचा प्रवास एकाच तालुक्याच्या परिसरात सांगता येतो, असे भाग्य किती जिल्ह्यांना लाभते?

चौथा धडा जिवंत आहे. मेळघाटातील कोरकू बांधवांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातील नाही. ती झारखंडाकडील मुंडारी व संताळी यांच्या कुळातील आहे. आपल्या वर्गात कोरकू घरातील मूल असेल, तर झाडांची व पाखरांची नावे त्यालाच विचारावीत. त्या तासापुरते ते मूल गुरू होते आणि आपण विद्यार्थी. याच सातपुड्याच्या रानांत रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. १८८४ नंतर ते दिसेनासे झाले होते; १९९७ साली शहाद्याजवळ ते पुन्हा आढळले आणि पुढे मेळघाटातही सापडले. नामशेष झाला असे सर्वांनी मानलेला पक्षी आपल्याच डोंगरात होता, पाहणारे नव्हते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. शिक्षकाने स्थळ आधी स्वतः पाहून यावे. नरनाळा व मेळघाटातील पुष्कळशी स्थळे राखीव वनात येतात. म्हणून वन विभागाची परवानगी व पालकांची लेखी संमती घेतल्यावाचून निघू नये. किल्ल्यावरील तलावांत मुलांना उतरू देऊ नये आणि कड्यावर रांग मोडू देऊ नये. निघण्यापूर्वी वर्गात दोन तास त्या स्थळाची माहिती द्यावी व प्रत्येक मुलास शोधण्यासाठी एक प्रश्न नेमून द्यावा. परतल्यावर त्याचे उत्तर त्याच्याकडून लिहून घ्यावे. लांब जाणे शक्य नसेल तर गावातील बारव, पडका बुरूज किंवा ओढ्याचा उगम यांपासून आरंभ करावा. त्यास खर्च लागत नाही.

त्या मुलाला मी उत्तर दिले, परंतु दुसऱ्या वर्षी. मी त्यास म्हणालो, “ज्याने दरवाजा बांधला, त्याने तो केव्हा व कोणाच्या काळी बांधला हे पुढच्यांना कळावे म्हणून लेख कोरविला. तुझ्या खिळ्याने त्यांतील काही पुसले, तर पुढच्यांना ते कळणार नाही. तुला नाव लिहायचे आहे ना? मग तू काय पाहिलेस ते लिही आणि त्याखाली नाव घाल.” शाळेत ‘आमचा परिसर’ नावाची एक जाड वही त्या दिवशी सुरू झाली. तिच्या पहिल्या पानावर नरनाळ्याच्या दरवाजाचे वेडेवाकडे चित्र आहे, कमळांची मोजदाद आहे आणि खाली त्या मुलाचे नाव व तारीख आहे.

अशी एक वही आपल्या प्रत्येक शाळेत असावी आणि पुढील सभेस येताना आपण तिचे निदान एक पान लिहून आणावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.