गाडीतळ आणि एसटीचे वेळापत्रक



महाविद्यालयांच्या आवारातली वाहने हा विषय घेऊन आज आपण देवगड तालुक्यातल्या जामसंड्याच्या सड्यावर जमलो आहोत. कोणी म्हणेल, हे काम शिपायाचे आणि शिट्टीचे. मला तसे वाटत नाही. फाटकातून आत शिरताच झाडे दिसतात की दुचाकींची रांग, यावरून संस्थेने आपली जमीन कोणासाठी राखली ते कळते. माझे म्हणणे एवढेच आहे की पार्किंगचा प्रश्न आवारात सुटणारा नाही. तो एसटीच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे, आणि ते वेळापत्रक आपल्या तासिकांशी जुळवणे हे आपले शैक्षणिक काम आहे.

जागेचा हिशेब करून पाहा. एका दुचाकीला दोन चौरस मीटर लागतात, ये-जा करायची वाट धरली की तीन. तीनशे दुचाकींना नऊशे चौरस मीटर, म्हणजे 13 बाय 10 मीटरची जवळजवळ सात कबड्डीची मैदाने. देवगड तालुक्यात एवढी सपाट जागा आयती मिळत नाही. कातळ फोडावा लागतो, भराव घालावा लागतो, आणि वर ब्लॉक बसवले की पावसाचे पाणी जिरायचे थांबून खालच्या आंब्याच्या कलमांत शिरते. तीच तीनशे मुले एसटीच्या सात-आठ गाड्यांत मावतात, आणि त्या गाड्या मुले उतरवून पुढे निघून जातात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत आवारात वाहनांना मर्यादा आणि पादचाऱ्यांसाठी चांगल्या वाटा यांची नोंद मागितली जाते. ती नोंद अहवालापुरती राहू नये.

त्याहून गंभीर गोष्ट वयाची आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला, सोळा पूर्ण असली तरी, पन्नास सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते. घरोघरी असलेल्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या. 2019 च्या दुरुस्तीने अशा अपराधासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड ठेवला आहे. अकरावीच्या मुलाची स्कूटर आपण रांगेत नीट लावून घेतो, तेव्हा शिस्तीच्या नावाखाली आपण कायद्याचा भंग सांभाळत असतो.

मग मुलांनी यावे कसे? ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासासाठी भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भरावा लागतो. मुलगी प्रथम वर्षाला येते, त्याच सुमारास तिचा मोफत पास संपतो आणि तिला वाहन परवाना मिळू शकतो. दुचाकीकडचा ओढा इथे आपल्याच व्यवस्थेने घडवला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संकुलाने 2000 साली ओळखपत्रावर शहर बस मोफत केली. प्राध्यापक डोनाल्ड शूप यांच्या अभ्यासानुसार पहिल्याच वर्षी संकुलाकडे बसने येणे 56 टक्क्यांनी वाढले आणि एकट्याने मोटार चालवत येणे 20 टक्क्यांनी घटले. मोटारींच्या त्या शहरात हे घडले. आपल्याकडे तर एसटी 1948 पासून रुजलेली आहे.

यावर पहिला आक्षेप खरा आहे : गाडी वेळेवर येत नाही, कधी फेरीच रद्द होते. 2021-22 च्या लांबलेल्या संपाने हा भरवसा आणखी हलवला. पण फेरी बहुतेकदा प्रवासी नाहीत म्हणून बंद होते, आणि फेरी नाही म्हणून मुले दुचाकी घेतात. हे चक्र कुठेतरी आपणच थांबवायला हवे. प्रात्यक्षिक साडेपाचला संपते आणि मिठबावची किंवा विजयदुर्गची गाडी त्याआधीच सुटते, यात आगाराचा दोष किती आणि आपल्या वेळापत्रकाचा किती? दुसरा आक्षेप मुलींच्या बाजूने येतो : स्कूटरने त्यांना मोकळीक दिली. ती काढून घ्यावी असे मी कधीच म्हणणार नाही. सज्ञान, परवानाधारक विद्यार्थिनीची स्कूटर आवारात राहावी, दिव्यांगांची जागा दाराजवळच राहावी, आणि ज्या वाडीला गाडीच जात नाही तिथल्या मुलांना पहिला हक्क असावा. पण ज्या मुलीच्या घरात स्कूटर नाही, तिची मोकळीक शेवटच्या गाडीवरच अवलंबून असते. तिचा विचार आधी. पैशांचे म्हणाल, तर नव्या शेडसाठी जो निधी आपण शोधतो, त्याच्या काही भागातून प्रथम वर्षाच्या गरजू मुलींचे पास भरता येतील.

म्हणून माझी सूचना जूनपासूनची आहे. प्रवेश अर्जात गाव, वाडी, जवळचा थांबा आणि येण्या-जाण्याची गाडी असे चार रकाने असावेत. त्यांचा गावनिहाय तक्ता महिना संपण्याआधी देवगड आगाराच्या व्यवस्थापकांकडे जावा, सोबत शेवटच्या तासिकेची वेळही. एसटीने पास शाळा-महाविद्यालयातच देण्याची व्यवस्था अलीकडे केली आहे, तेव्हा संवादाची वाट उघडी आहे. आणि आगाराकडून उत्तर आले की संध्याकाळची गाडी सव्वापाचलाच सुटेल, तर प्रात्यक्षिक दुपारी अर्धा तास आधी सुरू करायची तयारी आपण ठेवू या.