कवटीचं माप आणि मनाची वाढ



1938 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात काही डॉक्टर विद्यार्थ्यांच्या कवट्या मोजत होते. भुवयांची ठेवण, अंगकाठी, हस्ताक्षर, काही म्हणून सोडलं नाही. निकोप माणूस त्याच्या बांध्यावरून ओळखता येईल, असा त्या काळचा समज. निवडलेले तरुण होते 268. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी त्यांतलेच.

ती मापं फारशी कामाला आली नाहीत. पण या मंडळींना प्रश्नावल्या पाठवत राहण्याचा नेम सुटला नाही, आणि खरं धन तिथेच साठलं. जॉर्ज व्हेलंट या मानसोपचारतज्ज्ञाने 1979 साली त्याचा हिशेब मांडला. एकविसाव्या ते सेहेचाळिसाव्या वर्षांत ज्यांचं मन सर्वांत ठाकठीक होतं असे 59 जण. त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत त्यांतल्या दोघांनाच जुनाट आजार जडला किंवा मृत्यू आला. मनाने सर्वांत खचलेल्या 48 जणांत हाच आकडा होता 18. दारू, तंबाखू, लठ्ठपणा आणि घराण्यातलं दीर्घायुष्य यांचा वाटा वजा केला, तरी फरक उरलाच.

आता ‘ठाकठीक मन’ म्हणजे ज्याला दुःख नाही ते, असं नव्हे. दुःखं सगळ्यांनाच होती. यांतले बरेच जण तर दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले. व्हेलंटने पाहिलं ते घाव कसा पेलला जातो. कोणी दोष दुसऱ्याच्या माथी मारतो, कोणी स्वतःवर हसू शकतो. कोणी ‘आत्ता नको, उद्या पाहू’ म्हणतो, आणि उद्या खरंच पाहतो. याला मन मारणं म्हणत नाहीत बरं का! मारलेलं मन उद्याही उघडत नाही.

हे सारे हार्वर्डात शिकलेले गोरे पुरुष, बाई एकही नाही. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे आपल्या चाळीला चिकटवू नयेत. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद. कॉलेजात असताना यांतले पुष्कळ जण रुसणारे, खापर फोडणारेच होते. पन्नाशीकडे झुकताना त्यांतल्या अनेकांची तऱ्हा पालटली. विसाव्या वर्षी एकदाच विचारून वही मिटली असती, तर ते कोणाच्या ध्यानीही आलं नसतं.