मागे राहिलेल्या घराचा भरवसा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हा नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही काही वक्ते नाही. पण आमचा मुलगा आणि सूनबाई दोन वर्षांसाठी कंबोडियात स्वयंसेवक म्हणून गेली आहेत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सूनबाई नर्स आहे, मुलगा औषधांचे काम बघतो. राहण्या-जेवणाची सोय होते, पगार म्हणावा असा नाही. ती गेल्यापासून वस्तीत आम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. एक, "पगार नाही तर गेलीच कशाला?" आणि दुसरा, "म्हातारपणी तुम्हाला कुणाच्या भरवशावर टाकून गेली?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या धम्मातच आहे. भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी गावोगाव पाठवले, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असे सांगितले. म्हणजे जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचता येईल. आपल्या पुण्यालाही अशा दुरून आलेल्या माणसांचा लाभ झाला आहे. धम्मचारी लोकमित्र १९७८ साली इंग्लंडहून येऊन पुण्यात राहिले. पद्मसुरी या इंग्रज परिचारिका १९८० नंतरच्या काळात इथल्या वस्त्यांत आरोग्याचे काम करीत होत्या. त्यांनाही आईवडील होतेच की. तिकडच्या शेजाऱ्यांनी त्यांनाही हाच प्रश्न विचारला असेल. दुसऱ्यांची मुले आपल्याकडे आलेली आपल्याला चालली, मग आपली मुले दुसऱ्यांकडे गेली तर कुरकुर का करायची?

परंतु दुसरा प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही. भिक्खू घर सोडून निघतो. संसारी जोडपे निघते तेव्हा घर मागे राहते, आणि त्या घरात माणसे राहतात.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव सर्वांना माहीत आहे. त्यांच्यावरचा व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा जुन्या मंडळींनी पाहिला असेल. जपानने चीनवर हल्ला केला होता, तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर तिकडे मदतीला गेले, त्यांत ते होते. तिकडे असतानाच वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. तरी ते काम सोडून आले नाहीत. १९४१ साली त्यांनी तिथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. त्याही परिचर्येचे काम करणाऱ्या. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर गेले. वय अवघे बत्तीस. पुढे कुओबाई भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. डॉक्टरांना आपण सगळे मानतो. पण चार वर्षे पत्राची वाट बघणारे सोलापूरचे घर कुणाला आठवते?

आपल्याला तर हे वेगळे सांगायला नको. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा मुंबईत रमाई काटकसरीने संसार ओढत होती. बाबासाहेबांनी हे ऋण मानले. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीस अर्पण केला.

मग मागे राहणाऱ्याने काय करावे? धम्मात नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची गोष्ट आहे. नकुलपिता फार आजारी पडला. नकुलमाता त्याला म्हणाली की मागची चिंता करू नका. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी मुले सांभाळीन, घर चालवीन. हे ऐकून त्याच्या मनावरचे ओझे उतरले आणि तो बरा झाला. भगवंतांनी तिची वाखाणणी केली. यातली मेख अशी, की तिने नुसता धीर दिला नाही. तिला सूत खरोखर कातता येत होते. म्हणून तो धीर खरा होता.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. पुष्कळ आईबाप अशी गोष्ट परदेशी मुलांपासून लपवतात. आम्ही आधीच फोनवर सांगितले. सूनबाईने विचारले, "आई, आम्ही येऊ का?" आम्ही म्हणालो, "नका येऊ." आणि हे आम्ही उगीच म्हणालो नाही. विहारातली दोन पोरे रिक्षा घेऊन दारात उभी होती. महिला मंडळाच्या भगिनींनी आठ दिवस पाळीपाळीने डबा दिला. तुम्ही होतात, म्हणून आमचा धीर खोटा ठरला नाही.

हे आमच्यापुरते झाले. आता नियम व्हावा, अशी विनंती आहे. कुणी सेवेला निघाले की आपण हार घालतो, फोटो काढतो. त्याच दिवशी मागच्या घरासाठी दोन कुटुंबांची नावे ठरवावीत. रात्री-अपरात्री हाक कुणाला मारायची, दवाखान्यात सोबत कोण, लाईट बिल कोण भरणार, हे वहीत लिहून ठेवावे. नोकरीसाठी दूर गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांनाही त्यात धरावे.

आणि जाणाऱ्या मुलांनाही एक सांगणे आहे. सेवेचे नाव सांगून आईबापांपासून सुटका करून घेऊ नका. किती दिवसांसाठी जाता ते सांगून जा, ठरल्या वारी फोन करा. डॉ. कोटणीसांएवढा त्याग आम्ही मागत नाही. घरी खरेच कठीण प्रसंग आला तर बोलावू, तेव्हा या. त्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी मुलांच्या खोलीत दिवा नसतो, तेव्हा घर खायला उठते. ते दुःख कुणी वाटून घेऊ शकत नाही. पण "कुणाच्या भरवशावर टाकून गेली?" असे आता कुणी विचारले, तर आम्ही या विहाराकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, यांच्या भरवशावर.

नमो बुद्धाय! जयभीम!