उत्प्रेरकाची दुसरी फेरी

(पोफळी येथे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पोफळीच्या माणसाला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून येते, येथील भूमिगत विद्युतगृहातील टर्बाइन फिरवते, कोळकेवाडीच्या धरणात क्षणभर विसावते आणि तिसऱ्या टप्प्यावर पुन्हा राबून मगच वाशिष्ठीला मिळते. १९६२ पासून वीज देणाऱ्या या प्रकल्पात पाणी वाहून जाते, टर्बाइन मात्र जागच्या जागी राहते. उत्प्रेरकाचे कार्य समजून घेण्यास याहून जवळचा दाखला शोधण्याची गरज नाही.

हीच वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीत उतरते. शेजारच्या खेड तालुक्यातील लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणीही प्रक्रियेनंतर त्याच खाडीकडे जाते. मासळी घटल्याची तक्रार खाडीकाठची गावे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. आणि त्याच वसाहतीच्या रोजगारावर या परिसरातील अनेक घरांची चूल पेटते, हेही तितकेच खरे. कारखाना हवा की खाडी, असा वाद घालत बसणे सोपे असते. रसायनशास्त्राने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : हे सांडपाणी मुळात निर्माणच का व्हावे?

रॉजर शेल्डन या शास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा निघतो? तेलशुद्धीकरणात तो शंभर ग्रॅमहूनही कमी. सूक्ष्म रसायनांत ५ ते ५० किलो. औषधनिर्मितीत २५ ते १०० किलो, क्वचित त्याहूनही अधिक. ज्या उद्योगाला सारे जग मळकट समजते तो या हिशेबात स्वच्छ ठरला आणि पांढऱ्याशुभ्र गोळ्यांचा उद्योग तळाशी गेला! त्याचे एक कारण असे की, सेंद्रिय संश्लेषणात जुन्या पद्धतीचे अभिकारक एकदाच वापरून टाकून दिले जातात.

उदाहरण पाहावे. सुगंधी द्रव्यांत वापरला जाणारा मेथॉक्सी-ॲसिटोफेनोन हा पदार्थ ॲनिसोलपासून करतात. जुन्या रीतीत ॲल्युमिनियम क्लोराइड लागते. त्याला उत्प्रेरक म्हणण्याचा प्रघात आहे, पण ते तयार झालेल्या कीटोनलाच घट्ट धरून बसते. म्हणून १५० ग्रॅम पदार्थामागे किमान १३३ ग्रॅम क्लोराइड खर्ची पडते. ते सोडविण्यासाठी पाणी ओतावे लागते आणि आम्लयुक्त, ॲल्युमिनियममिश्रित सांडपाणी गटाराची वाट धरते. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात हीच प्रक्रिया बीटा झिओलाइट या घन उत्प्रेरकावर करण्यात आली. ॲसेटिक ॲनहायड्राइड वापरले की उपपदार्थ म्हणून केवळ ॲसेटिक आम्ल उरते, आणि त्यालाही ग्राहक असतो.

या क्षेत्रात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट हे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले. त्यांच्या आधारे बेंझीन व अल्कोहोल यांपासून थेट इथाइल बेंझीन तयार करण्याची पद्धत कारखान्यापर्यंत पोहोचली. उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या देशाला शोभेल असाच हा मार्ग होता. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, डॉ. ज्येष्ठराज भालचंद्र जोशी, डॉ. मनमोहन शर्मा यांच्या परंपरेत वाढलेल्या डॉ. गणपती यादव यांनी ‘यूडीकॅट’ नावाची घन आम्लांची मालिकाच घडविली. त्यांचे आणखी एक काम विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे. हेटरोपॉली आम्ल मातीच्या खनिजावर बसविले, तरी ध्रुवीय द्रावकात ते विरघळून निसटू शकते. त्यांनी त्याचा सीझियम क्षार मातीच्या रंध्रांतच तयार केला. हा क्षार विरघळत नाही, म्हणून उत्प्रेरक गाळून पुन्हा वापरता येतो.

येथे सावध राहणे आवश्यक आहे. ‘पुनर्वापरयोग्य’ हे विशेषण आजकाल फार स्वस्त झाले आहे. पाच फेऱ्यांत उतारा तेवढाच राहिला, एवढ्यावर निबंध पूर्ण होतो. प्रत्यक्षात पॅलेडियमसारखा धातू आधारावरून सुटून द्रावणात जातो आणि खरे काम तोच करतो, असेही घडते. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. अभिक्रिया अर्ध्यावर असताना उत्प्रेरक गरम असतानाच गाळून काढावा. उरलेले द्रावण पुढेही अभिक्रिया करीत राहिले, तर उत्प्रेरक निसटला आहे असे समजावे. द्रावण थंड होऊ देऊ नये, कारण सुटलेला धातू पुन्हा आधारावर चिकटतो आणि चोर सापडत नाही. झिओलाइटची अडचण वेगळी आहे. त्याच्या छिद्रांत कोळशासारखा थर साचतो आणि तो सुमारे ५०० अंशांना हवेत जाळावा लागतो. त्या उष्णतेचा खर्चही हिशेबात धरावयास हवा.

चुंबकाने ओढून घेता येणारे लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झाले. गाळण्याचा त्रास वाचतो हे खरे. परंतु प्रत्येक फेरीनंतर ते कण धुण्यासाठी अल्कोहोल आणि ॲसिटोन किती लागले, हा आकडा बहुधा कोठेच दिलेला नसतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पुनर्वापराचा प्रयोग करणाऱ्यांनी उताऱ्याच्या रकान्याशेजारी धुण्याच्या द्रावकाचाही रकाना आखावा, आणि पहिल्या फेरीपासून तो भरावा.