दादा घरी आला, त्यानंतर



मी डॉक्टर नाही, रुळांवरचा माणूस. 2021 साली थोरल्या भावाचे हृदय अचानक बंद पडले. रुग्णवाहिका येईपर्यंत शेजाऱ्याने छाती दाबत ठेवली, पुढे शॉक मिळाला, दादा वाचला. आम्ही पेढे वाटून मोकळे झालो.

मेंदूला काही मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर स्मरणशक्तीवर परिणाम राहू शकतो. दादा गॅस बंद करायला विसरे, दुपारीच गळून जाई, चिडे. आम्ही म्हणायचो, आळस! डीप स्क्रीनिंग झालेल्या रुळावर आपण आधी कॉशन लावतो, पॅकिंग होईल तसा वेग वाढवतो. दादाला मात्र पहिल्याच दिवशी फुल स्पीड!

आणि वहिनी? दादाचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला त्या रात्री चारचारदा उठत. त्यांना कुणी विचारलेच नाही. घरी आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्मरण, थकवा, मन यांची तपासणी करा, घरच्यांकडेही लक्ष द्या, असे 2021 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात. आम्ही गेलो दीड वर्षाने. डॉक्टर आधी वहिनींशीच अर्धा तास बोलले.

हल्ली दादा यादी लिहून बाजारात जातो. कोथिंबीर अजून विसरतो. वहिनी रात्री झोपतात.